टाकलेल्यांच्या आडनावाची हकीकत

श्रीगजाननास नमन. थोरांच्या वंशावळी भाटांनी पोट भरेतो गाइल्या. ज्यांस वंशच नाही म्हणोन हिणविले, त्यांच्या आडनावाचे वर्तमान आता लिहितो, ते कान देऊन ऐकावे. शके सोळाशे एक्याऐंशी, प्रमाथी नाम संवत्सरी, पश्चिम समुद्राकडील इस्पान्या मुलखी वाल्देसेका नामे कसबा, तेथे बाल्तासार ओरोसाल्दे म्हणोन जहागीरदार नांदत होते. हवेलीच्या दारावर कुळाचा दगडी सिंह, आणि आंत काळीज उंदराचे. त्यांपासोन घरच्या दासीस कन्या जाहली, आणि जहागीरदारांणी लोकलज्जेस्तव नाळ सुकण्यापूर्वीच ती अनाथालयाच्या भिंतीतील फिरत्या पाळण्यांत ठेवविली. पाळणा बाहेरून फिरविला म्हणजे मूल आंत जाई, ठेवणाराचे तोंड कोणास दिसत नसे. मग तेथील रिवाजाप्रमाणे मुलीस आडनाव मिळाले एक्स्पोसितो, म्हणजे टाकलेले. पाप धन्याचे आणि डाग लेकरास! चोर सोडून संन्याशास सूळ, दुसरे काय?

मुलीचे नाव रेमेदिओस. ती थोर जाहली, दोमिंगो कुंभाराशी लग्न जाहले, आणि दोघे पुत्र जाहले. त्या मुलखी लेकरे बापाच्या आडनावापुढे आईचेही लावितात, त्यामुळे तो डाग पुत्रांसही चिकटला. विहिरीवर बाया म्हणत, "टाकलेली आली, घागरी सरकवा." रेमेदिओस दात खाऊन पाणी भरी. पुढे लढाईत जहागीरदारांचे पुत्र पडले, वंश खुंटला, आणि मग स्वारी कुंभाराच्या दारी आली. बोलिले, "पोरी, तू माझेच रक्त. थोरल्यास माझे आडनाव आणि हवेली देतो. मात्र ते टाकलेपण नावातून पुसोन टाक."

रेमेदिओसने पुसिले, "मी तुमची, हे केव्हापासोन ठाऊक?"

"पहिल्या दिवसापासोन."

दोमिंगो हळूच म्हणाला, "अगे, हवेली मिळते, विचार तरी कर."

"तुम्ही आपले चाक फिरवा!" ऐसे बोलोन ती जहागीरदारांकडे वळली. "विहिरीवर मी शिव्या खात होते तेव्हा आपली गाडी शेजारूनच देवळास जात होती ना? आपला दिवा विझू लागला म्हणोन आता आमच्या घरचे तेल पाहिजे काय? लाज टाकणाराची, टाकलेल्याची नव्हे. आडनाव बदलत नाही. निघा!"

मग स्वारी खाली मान घालोन गेली. पुढे जहागीरदारांस पक्षघात जाहला, आणि भाच्यांणी हवेली बळकावोन म्हाताऱ्यास उचलोन त्याच अनाथालयाच्या पायरीवर ठेविले. हरामखोरांस सिंहाचीही लाज वाटली नाही! तेथेच प्राण गेला, आणि प्रेत न्यावयास कोणी येईना. मग पाद्रीबावा रेमेदिओसकडे येऊन म्हणाले, "बाई, बाप म्हणोन पत्करशील तर दगडावर त्यांचे कुळ कोरवितो. नाही तर बेवारशी पुरणे प्राप्त."

रेमेदिओस गेली. तिणे प्रेत आपल्या हाताने धुतले, डोळे मिटविले, आणि भोवती अवघा कसबा पाहत उभा राहिला. पाथरवटाने पुसिले, "नाव काय कोरू?"

"बाल्तासार एक्स्पोसितो," ती म्हणाली. "घरच्यांणी टाकिला, तो आमचा. आम्ही कोणास टाकीत नाही."

येणेप्रमाणे ओरोसाल्दे कुळ बुडाले, आणि टाकलेल्यांचे आडनाव चालिले. ज्यास हे झोंबेल त्याणे आपले दार तपासावे.