ऐंशी एमबीची वाटणी

वाटणी करावी तर मीच! त्र्याण्णव साली अख्ख्या जिंतुरात परभणीला जाऊन संगणकाचा क्लास केलेला मी एकटाच होतो. निदान सगळ्यांना मी तसं सांगत होतो.

आम्ही तिघा भावांनी मिळून एक जुना संगणक घेतला होता. थोरले दिनकरराव आणि मधले व्यंकटराव रोज भांडायचे, "माझी फाईल कुनी हलवली?" शेवटी एका शुक्रवारी मी जाहीर केलं, "डिस्कचे तीन भाग करतो. सी, डी, ई. ज्याचं त्याला!"

"ऐंशी एमबीला तिनानं भाग जात न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "उरलेले दोन कुनाला?"

"थोरल्याला!" दिनकरराव गरजले.

"का? तुमी काय उपाशी हायत?"

अर्धा तास त्या दोन एमबींवर गेला. मग पंच म्हणून ते मीच घेतले.

दिनकररावांच्या पत्नी कमलबाई, आमच्या वहिनी, शाळेत शिकवायच्या. बोरीच्या कासाबाईंचा जन्म मेंढ्यांमागे रानात गेलेला. त्यांच्याकडून वहिनींनी दोन वर्षं खपून शहाऐंशी रानभाज्यांची माहिती लिहून घेतली होती. सोमवारी ती परभणीच्या एका स्पर्धेत द्यायची होती. सगळं संगणकात उतरवल्यावर "आता वही कशाला?" असं मीच म्हणालो, आणि वही बंबात गेली होती.

"भाऊजी, माझ्या भाज्यांना काही होनार न्हाई ना?"

"वहिनी, वाटणीचा बांध घातला म्हणून उभं पीक मरतं का? ज्यानं पेरलं त्याचंच ऱ्हातं!"

आमच्याकडे शेताच्या वाटण्या अशाच होतात. पडद्यावर इंग्रजीत आलं, सगळी माहिती पुसली जाईल. जमिनीच्या मोजणीची नोटीससुद्धा असंच घाबरवते, असं म्हणून मी बेधडक 'येस'चं 'वाय' दाबलं.

तीन भाग झाले. तिन्ही लख्ख रिकामे!

"व्यंकट, भाज्या तुझ्या वाटणीत गेल्या!"

"माझ्याकडं न्हाईत, दादा! घ्या झडती!"

दोघं एकमेकांचे रिकामे भाग उलटेपालटे करून बघत होते.

"कुनाच्याच वाटणीत न्हाईत," मी म्हणालो. "माझ्या हातून पुसल्या."

वहिनींनी उठून संगणकाचं बटण बंद केलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! एवढी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी शाळेतून रजा घेतली आणि बोरीची एसटी धरली. मीही न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसलो. आमच्या आधीच बातमी तिथं पोचली होती.

कासाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शहाऐंशी भाज्या एकट्यानं फस्त केल्या, ते हेच का?"

मी मान खाली घातली. मग हळूच खिशातून नवी वही काढली. "मावशी, सांगा. मी लिहून घेतो."

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "लिहील कमलबाई. तुमी भाज्यांची पिशवी धरा."

रविवार संध्याकाळपर्यंत एकतीस भाज्या लिहून झाल्या. पिशवी मी एकदाही खाली ठेवली नाही.