ठमा साळिंदरणीच्या पायातला काटा

मुलांनो, एका जंगलात ठमा नावाची साळिंदरीण राहायची. साळिंदरीण म्हणजे अंगभर काटे असलेली. एक दिवस पाणवठ्याच्या वाटेवर तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला.

ठमा लंगडत बगळेवैद्यांकडे गेली. सोबत नवरा होता. वैद्यांनी नवऱ्याला विचारलं, हिला काय होतंय. नवरा म्हणाला, ही सारखी काटा काटा करते.

वैद्यांनी ठमाची पाठ निरखून पाहिली. पाय पाहायचा राहून गेला.

"बाई, तुम्हाला मुळातच एवढे काटे. त्यात एकाची भर पडली, तर तुम्हाला कळणार कसं?"

मग त्यांनी मन रमवायला सांगितलं आणि चूर्णाची पुडी दिली.

ठमाने चूर्ण खाल्लं. पाय सुजला. वाटेवर काटे पडलेत, जपून जा, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. ससे म्हणाले, हिला सगळीकडे काटेच दिसतात, असतो एकेकाचा स्वभाव. हळूहळू ठमालाही ते पटायला लागलं. पाय ठणकला की ती स्वतःलाच दटावायची.

पुढच्या आठवड्यात त्याच वाटेवर वाघमहाराजांना काटा लागला.

बगळेवैद्य धावत आले. त्यांनी आधी पाय पाहिला. काटा निघाला. दुखण्याला 'व्याघ्रकंटक' असं नाव मिळालं. वाट झाडून घेतली गेली. घुबडपंडितांनी 'काटा: एक अनुभव' या विषयावर परिसंवाद ठेवला. अध्यक्ष अर्थातच महाराज.

ठमा तीन पायांवर तिथे पोचली आणि बोलायला उभी राहिली.

"मलाही तोच काटा लागलाय. अजून आत आहे."

घुबडपंडितांना वाईट वाटलं. "तुमच्या भावनांचा आम्ही आदर करतो," ते म्हणाले. "पण आज इथे अनुभवी मंडळी बोलताहेत."

सभेने टाळ्या वाजवल्या. ठमा बाहेर आली. बाहेर घुशीबाई सतरंज्या उचलायला थांबल्या होत्या. त्यांनी ठमाचं चालणं पाहिलं.

"कुठे दुखतंय गं?"

ठमाने पाय पुढे केला. घुशीबाईंनी दातांनी काटा उपसून काढला. ठमा तिथेच बसली आणि बराच वेळ रडली. घुशीबाईंनी तिला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी घुशीबाईंना वैद्यांची नोटीस आली. नसलेला काटा विनापरवाना काढल्याबद्दल.

तात्पर्य: मुलांनो, दुखलं की लगेच सांगावं, पण त्याआधी वाघ व्हावं. ते जमत नसेल, तर निदान दुसऱ्याला कुठे दुखतंय असं विचारू नये.