मागं कोणी बसत नाही

शोरूमच्या काचेआड ती गाडी उभी होती आणि माधवी तिच्यासमोर. बराच वेळ दोघीही एकमेकींकडे नुसत्या बघत राहिल्या होत्या.

गाडी पळसफुलाच्या रंगाची. बुटकी, लांबट, दोनच दारांची. उभी असली तरी निघालेली वाटणारी. ती वर्ध्यात आल्यापासून कितीतरी लोकांनी तिला टेकून फोटो काढले होते, आणि फोटो झाल्यावर पलीकडची पांढरी, सात सीटची गाडी बुक केली होती. पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर धावणारी ही वाऱ्यासारखी गाडी या भागात खपेल का, हा प्रश्न मालकाच्या लेखी मिटलेला होता. सोमवारी ती नागपूरला परत जाणार होती. ती विकण्याचं काम अंकितकडे होतं. रोज सकाळी तो तिच्यावरून कापड फिरवायचा तेव्हा लेकीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा गप्प असायचा.

"माधवी, इकडं ये!" पांढऱ्या गाडीतून अश्वजितचा आवाज आला. तो पाटबंधारे खात्यातून नुकताच निवृत्त झाला होता आणि सीटांवर बसून-उठून पाहत होता. "हे पाय. हितं आक्का बसन, हितं जावई, पोट्टे मांगं. अन सामान बी मावते!"

माधवी जागची हलली नाही. तिने अंकितला विचारलं, "हिच्यात मांगं कोन बसते?"

अंकितचा चेहरा उतरला. आजवरचे सगळे सौदे याच प्रश्नावर बुडाले होते. "बसता येतं काकू. म्हणजे लहान लेकरू असेल... पाय जरा वर घेतले तर..." मग तो थकला. "खरं सांगू? मागं कोणी बसत नाही."

"कोनीच नाई?"

"कोणीच नाही."

"मंग उघडा दार," माधवी म्हणाली.

लग्न झाल्यापासून तिच्या आणि नवऱ्याच्या मध्ये कायम कुणीतरी बसलेलं होतं. पहिल्या दिवाळीला माहेरी गेली तेव्हा स्कूटरवर दोघांच्या मध्ये पुतण्या होता. पुढे स्वतःची लेकरं आली, मग दिरांची, मग शेजारच्यांची. जुनी जीप घेतली, तर ती दारात उभी राहायच्या आधीच तिच्यात माणसं बसलेली असत. पचमढीला गेली तेव्हा धबधब्यापाशी नवऱ्याला काहीतरी सांगायचं होतं. पण मध्ये दोन आत्या आणि पुऱ्यांचा डबा होता. आता मुलं पुण्याला गेली होती. ते सांगायचं काय होतं, हे तिला अजून लख्ख आठवत होतं.

अश्वजित येऊन गाडीभोवती एक चक्कर मारून गेला. "हिच्यात तं दोनच मानसं मावतात!"

"तेच तं म्हनतो मी," माधवी म्हणाली.

"लोकाईले काय सांगू? अन आक्का काय म्हनन?"

आक्का म्हणजे रुख्माबाई, त्याची थोरली बहीण. आईबापामागे तिनेच त्याला वाढवलं होतं. सिंदीला तिची शेती होती, भरलं घर होतं, आणि तिला दाखवल्याशिवाय या कुटुंबात साधी सायकलही आली नव्हती. अश्वजितला तोडगा सापडला. "हीच गाडी आक्काले दाखवून आनू. आक्का हो म्हनली तं घेऊ."

आक्का नाही म्हणणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माधवीलाही होतं. तरी ती जाऊन पुढच्या डाव्या सीटवर बसली. सिंदीपर्यंतचा रस्ता काही लहान नव्हता.

शोरूमच्या नियमाप्रमाणे सेल्समन सोबत लागतो. अंकितने गुडघे हनुवटीला लावले आणि मागच्या सीटवर स्वतःला घडी घालून ठेवलं. माधवीने एकदा वळून पाहिलं आणि निःश्वास सोडला. इथंही कुणीतरी होतंच.

सिंदीच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. अश्वजितने ब्रेक दाबला आणि इंजिन आपसूक बंद झालं. ते होणारच होतं. थांबल्यावर पेट्रोल जाळायचं नाही, निघताना बॅटरीवर मुकाट निघायचं, वेग आला की इंजिनाला जाग यायची. हीच तर तिची कला. अंकितने हे शोरूममध्ये नीट समजावलं होतं. पण तेव्हा अश्वजित पांढऱ्या गाडीत आक्काची जागा ठरवत होता.

मालगाडी गेली. फाटक उघडलं. मागून हॉर्न वाजायला लागले. अश्वजित कान देऊन बसला.

"बंद पडली."

"नाही काका, चालू आहे. ब्रेक सोडा फक्त."

"चालू हाय तं आवाज कुठी हाय?"

"आवाज नसतो."

"बापू, मी अख्खी नोकरी जीपवर काढली. आवाज नाई म्हंजे गाडी बंद!"

मागे जिनिंगला निघालेला कापसाचा ट्रॅक्टर होता. त्याच्यावरून प्रेमदास आणि त्याचे सोबती हमाल धपाधप उतरले. या भागात रस्त्यात मुकी उभी असलेली गाडी दिसली की कुणी काय झालं म्हणून विचारत नाही. बाह्या सारतात आणि हात लावतात.

"न्यूट्रल करा साहेब!" प्रेमदास ओरडला.

अश्वजितने निमूट केलं. मग त्याला लाज वाटली. "लोकं धक्का मारून राह्यले अन मी बसून राहू काय? माधवी, तू स्टेरिंग धर." तो उतरला, आणि माधवी त्याच्या जागेवर सरकली.

"अहो, चालू आहे गाडी! मला उतरू द्या!" अंकित मागून कळवळला. पण बाहेरून कुणी पुढची सीट वाकवल्याशिवाय त्याला उतरता येत नव्हतं, आणि बाहेरच्या सगळ्यांना धक्का मारायची घाई होती.

प्रेमदासने खिडकीतून त्याच्याकडे मायेने पाहिलं. "तू बसून राह्य भाऊ. तुह्यानं काई गाडी जड नाई होत."

"जोर लगाके..."

"हैया!"

गाडी रुळांवरून डुलत पलीकडे गेली. माधवीने आरशात पाहत हळूच विचारलं, "खरंच चालू हाय?"

"आईची शपथ, काकू. तुम्हाला येते का चालवता?"

"लायसन हाय. रिकामी गाडी कधी भेटली नाई."

"मग ब्रेकवर पाय ठेवा, दांडा 'डी'वर घ्या, अन हळूच सोडा."

तिने सोडलं. दह्याच्या साईवरून बोट फिरावं तशी गाडी निघाली. मागच्यांना वाटलं, धक्का लागू पडला. "निंगाली बे, निंगाली! सोडू नका!" ते धावू लागले. गाडीवर आधी तळहात होते, मग बोटं, मग हात हवेतच पुढे धरलेले. थोड्या अंतरावर इंजिन गुरगुरून जागं झालं, आणि मागून आरोळी उठली, "चालू झाली!" कुणीतरी हे सगळं मोबाईलमध्ये टिपत होतं.

ब्रेक कुठं आहे, हे माधवीला ठाऊक होतं. तिने तो दाबला नाही.

दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटली होती. शेतंच्या शेतं पांढरी होऊन रस्त्याकडे बघत होती. काचेतून आलेला वारा तिच्या पदराशी, केसांशी, कानातल्या डुलांशी बोलत होता आणि तिला कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. मग सवयीने तिने डावीकडे पाहिलं. सीट रिकामी होती. ज्याच्यासाठी ही जागा हवी होती तो आरशात, दूर, कापसाच्या ट्रॅक्टरला हात दाखवत पळत होता.

रुख्माबाई ओट्यावर उभ्या होत्या. गाडी दारात थांबली आणि लगेच गप्प झाली.

"जय भीम, आक्का."

"जय भीम. माधवी, तू चालवून राह्यली? अश्वजित कुठी हाय?" त्यांनी वाकून आत पाहिलं. "अन हा कोन कोंबला मांगं?"

"गाडीवाले हायेत."

"गाडीवाला मांगं अन तू पुढं?"

माधवी उतरली, सीट वाकवली, आणि अंकित बाहेर आला. पण त्याचे पाय आधी आले आणि पायांतली जाणीव मागून आली. तो ओट्याला धरून उभा असतानाच ट्रॅक्टर पोचला. कापसाच्या ढिगावर अश्वजित बसला होता. त्याच्या डोक्यात, मिशीत, कानात कापूस होता.

हमालांनी चहा मागितला. गाडी त्यांच्या धक्क्याने चालू झाली होती. अंकितने त्यांना बॅटरीचं समजावून पाहिलं. प्रेमदासने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी एक नंबर हाय, भाऊ. फक्त सेल्फ मारत नाई. बदलवून घेजो."

तेवढ्यात अंकितचा फोन वाजला. व्हिडिओ गाडीपेक्षा वेगाने धावला होता. 'नवीकोरी गाडी, धक्का स्टार्ट' या नावाने तो सिंदीहून पुलगावला, पुलगावहून कारंजाला आणि तिथून थेट मालकाकडे पोचला होता. मालक फोनमध्ये इतक्या मोठ्यानं बोलत होता की ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू येत होतं.

फोन ठेवून अंकित खालीच बसला. "संपलं. आता तिला कोणी फुकटातही नेणार नाही."

"पाहू तं," रुख्माबाई म्हणाल्या आणि गाडीजवळ गेल्या. अश्वजितने माधवीकडे विजयाने पाहिलं. माधवीने मान खाली घातली. आता आक्का तो प्रश्न विचारणार होती.

"हिच्यात मांगं कोन बसते बे?"

अंकितमध्ये खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "कोणी नाही बसत, आजी."

"आजी कोनाले म्हनतं? आक्का म्हन." त्या थांबल्या. "कोनीच नाई बसत?"

"कोणीच नाही."

रुख्माबाईंनी गाडीच्या काचेवरून हात फिरवला. मग हळू म्हणाल्या, "मी जलमभर जीपच्या मधात बसली. लगनाले जा, मयतीले जा. एका आंगाले नणंद, एका आंगाले जाऊ, आंगावर कोनाचं तरी लेकरू. खिडकी म्हंजे काय असते, मले मालूमच नाई." त्यांनी पदर खोचला. "चाल, एक चक्कर मारून आन."

अंकित चालवायला बसला, त्या त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसल्या. काच खाली झाली. गाडी निघाली तेव्हा रुख्माबाईंचा आवाज, जात्यावरचा, फार वर्षांनी घराबाहेर ऐकू आला:

"दोहीकडं पऱ्हाटी, मधातून जाते वाट,
माह्या संगं कोनी नाई, माह्याच मनाचा थाट..."

चक्कर संपेना. चहाचे कप धुऊन झाले. हमाल गेले. उन्हं कलली. मग अश्वजितचा फोन वाजला. पलीकडे अंकित होता आणि त्याला बोलताना धाप लागत होती.

"काका, आम्ही वर्ध्याला आहोत. शोरूममध्ये. आक्कांनी गाडी बुक केली."

"कोनी?"

"आक्कांनी. स्वतःच्या नावावर. घ्या, बोला."

"अश्वजित," रुख्माबाईंचा आवाज आला, "गाडी माही, चालवनारी माधवी. दर इतवारी तिले धाडून देजो."

"अन मी, आक्का?"

"तू नको येऊ. जागा नाई."

फोन बंद झाला. अश्वजितने तो खिशात टाकला. जन्मभर ज्याला सगळ्यांनी जागा धरून ठेवली, त्याला आज पहिल्यांदा जागा नव्हती. माधवीला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. दोघांसाठी गाडी मागितली होती. मिळाली तीही दोघींसाठीच. मध्ये यायला कुणाला जागा नाही, अशा गाडीतही आक्का मध्ये आलीच.

आता घरी जायला एसटीच होती. गाडी रिकामी, आत दिव्यांची उघडझाप चाललेली. डाव्या हाताच्या दोन जणांच्या बाकड्यावर दोघं बसली. अश्वजित रुसलेल्या मुलासारखा बाहेर बघत होता. त्याच्या कानामागे कापसाचा एक पुंजका अजून होता. माधवीने तो काढला.

"काय पायतं?" तो म्हणाला.

"काई नाई. तुम्हाले एक सांगाचं होतं. पचमढीपासून."

"पचमढीले कवा गेलतो आपुन?"

"गेलतो. ऐका आता."

ती सांगू लागली. गाडी खड्ड्यांतून हेलकावे खात होती, खांदे एकमेकांना लागत होते, आणि सगळा खडखडाट बाहेरच्या बाहेर राहत होता. अश्वजित आधी हसला, मग खिडकीकडून तिच्याकडे वळून म्हणाला, "हे तू तवाच काऊन नाई सांगितलं?" त्यावर तिने जे उत्तर दिलं त्याला पुन्हा बराच वेळ लागला. इतक्यात दिवे दाट झाले आणि कंडक्टरने घंटी ओढली.

"वर्धा! चला, उतरा वर्धावाले!"

अश्वजित उठायला लागला. माधवीने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"भाऊ, ही गाडी पुढं कुठी जाते?"

"पुलगावले."

"पुलगावले आपलं कोन हाय?" अश्वजित कुजबुजला.

"कोनीच नाई," माधवी म्हणाली, आणि कंडक्टरकडे वळली. "दोन द्या."