प्रभुदास पेंटर खोटं रंगवत नाही

१९७२ सालचा दसरा आठ दिवसांवर आला होता. सदर बाजारातल्या एका मिठाईच्या दुकानात आम्ही तिघं होतो: दुकानाचे शेठ, संध्याकाळी त्यांचा हिशेब लिहिणारा मी, आणि आमच्या गल्लीतला प्रभुदास पेंटर. नव्या पाटीचा इसार म्हणून गल्ल्यावर वीस रुपये ठेवलेले. ते न उचलता प्रभुदासनं विचारलं, "शेठ, तूप खरंच शुद्ध आहे का?"

"अबे, तुले पाटी रंगवाले बोलावलं का झडती घ्याले?"

"मले हात देवानं देला, शेठ. त्यानं खोटं काहून लिहू?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मागच्या खोलीतले वनस्पती तुपाचे डबे मला ठाऊक होते. शेवटी प्रभुदासनं पेढे, बर्फी, जिलबी सगळं खाऊन पाहिलं आणि 'शुद्ध तुपातील'च्या जागी 'चविष्ट' असं रंगवून दिलं. "याची साक्ष मी कुठंही देतो," तो तोंड पुसत म्हणाला.

रविवारी तो देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, इतका बेसूर गाई की पाद्रीसाहेब त्याला मागच्या बाकावर बसवत. गळा देताना देवानं हात आखडता घेतला होता. त्यामुळे त्याची खरी उपासना शिडीवरच चाले. एका गॅरेजच्या मागच्या भिंतीवर त्यानं 'येथे लघवी करू नये' हे वळणदार अक्षरात, सावली देऊन, भोवती वेल काढून लिहिलं. मालक चिडला. "पहिले लोक उरकून जात होते, आता वाचत उभे राहून राहिले! इतकी नक्षी कशाले गा?"

"मंग काय पुरून ठेवू?"

हे त्याचं ठरलेलं उत्तर. धन्यानं दिलेला पैसा एका चाकरानं जमिनीत पुरून ठेवला आणि शेवटी बोलणी खाल्ली, ही येशूनं सांगितलेली गोष्ट त्यानं फार मनावर घेतली होती.

मलाही प्रसाद मिळाला. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' लिहायला मी त्याला बोलावलं. त्यानं आधी कुत्रा पाहायला मागितला. आमच्या मोत्यानं त्याचा हात चाटला. फाटकावर आजही 'येथे कुत्रा आहे' एवढंच आहे.

पुढे आमच्या गल्लीतले डॉक्टर हरकरे वारले. दवाखाना घरातच होता. वर्षभरात उन्हानं पाटीचा रंग सुटला. मुलगा म्हणाला, काढून टाक. हरकरेबाईंनी प्रभुदासला बोलावलं. मी तिथंच होतो.

"जसं होतं तसं लिहा. वेळेसकट."

"नाव लिहितो, बाई. पण वेळ कशी लिहू? डॉक्टरसाहेब तर..."

"पाटी कोरी झाली तर मला या घरी यावंसं वाटणार नाही, प्रभुदास," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दोन दिवस तो तिकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर डॉक्टरांच्या दारात शिडी. नाव आणि पदवी लिहून झाली होती. रंग घ्यायला तो खाली उतरला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं.

"नावाआधी 'कै.' घाल. मजकूर बरोबर होईल, तुझंही मन राहील."

त्यानं माझी बाही ओढली. "भाऊ, शिडी कोण धरून राहिलं ते तर पाहा! त्या माउलीच्या डोक्यावर मी हे लिहू?"

हरकरेबाई दोन्ही हातांनी शिडी धरून वर बघत उभ्या होत्या.

तो पुन्हा चढला. 'वेळ : सकाळी ९ ते १२'. त्या ओळीला त्यानं सावली दिली नाही, वेल काढला नाही. साधी, सरळ अक्षरं. एरवी काम करताना तो बेसूर गुणगुणायचा; तेही नाही.

बाई पैसे घेऊन आल्या. तो अक्षरावर दर लावी. नावाची मोजली, पदवीची मोजली, आणि ब्रश पुसायला लागला.

"खालची ओळ राहिली की," बाई म्हणाल्या.

"तिचे नको, बाई. ते माझ्याकडून."

बाईंनी त्याला नावाचे आणि पदवीचे तेवढे पैसे दिले.