अप्पांचा बेस

विश्वंभरअप्पांच्या घरी गेलेल्या माणसाला आधी पाणी मिळत नाही, स्टूल मिळतं. फरशीवर खडूनं काढलेल्या एखाद्या गोलात ते स्टूल ठेवायचं, त्यावर पाठ ताठ करून बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मग अप्पा गाणं लावतात, आपल्या पोटाकडं टक लावून बघतात आणि विचारतात, "आलं का पोटात?"

पहिल्यांदा मला वाटलं, जेवणाचं विचारताहेत. मी म्हणालो, "हो, आत्ताच झालं."

अप्पांनी कपाळावर हात मारला. "जेवण न्हाय हो सर, बेस! खालचा आवाज! वरचा आवाज कानात येतो, खालचा पोटात आला पाहिजे."

मी कळंबच्या एका शाळेत मराठी शिकवतो. अप्पांची आणि माझी मधली भिंत एकच आहे, त्यामुळं त्यांच्या बेसबद्दल बोलायचा हक्क गावात माझ्याइतका कुणालाच नाही. अप्पांनी जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की हातातला चहा तसाच धरून सांगायचे, "ह्याचा तिसरा नोझल गेलाय." पुढच्या चौकात तो ट्रॅक्टर बंद पडलेला असायचा. गुडघे दुखायला लागले तसं गॅरेज बंद केलं आणि हौसेनं एक स्टिरिओ घेतला. दोन मोठी खोकी, एक अँप्लिफायर, शिवाय भंगारातून आणून स्वतः जिवंत केलेला कॅसेट डेक. सगळं बसवलं, बटण दाबलं आणि अप्पांचा चेहरा पडला. बेस नव्हता.

तेव्हापासून ती खोली एका जागी राहिली नाही. स्पीकर आधी खिडकीपाशी होते, मग कोपऱ्यात गेले. कोपऱ्यात आवाज जरा भरला, पण पत्र्याचं कपाट थरथरायला लागलं, म्हणून कपाट स्वयंपाकघरात गेलं. सुमनकाकूंचे, म्हणजे अप्पांच्या बायकोचे, डबे ओसरीवर आले. मग अप्पांना कळलं, की मोकळ्या भिंतींवर आवाज आपटतो. त्यांनी घरातल्या सगळ्या गोधड्या खिळ्यांना टांगल्या. तरी समाधान होईना, तेव्हा सोयाबीनची चार पोती आणून मागच्या भिंतीला लावली. खोलीत शिरलं की आडत दुकानात आल्यासारखं वाटायचं.

"थंडीत पांघरायला भिंती हायत्या," काकू म्हणायच्या. "माणसांनी काय, कुडकुडावं."

"बेस आला की सगळं बेस हुईल," अप्पा म्हणायचे.

खडूचे गोल मात्र वाढत चालले होते. खोलीच्या मधोमध बसलं तर बेस मरतो, मागं भिंतीजवळ सरकलं तर थोडा जिवंत होतो, असा त्यांचा शोध होता. तो खराही होता. पण तपासायला माणूस लागायचा. गॅसवाला झाला, पोस्टमन झाला, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे झाले. काकू म्हणाल्या, "पोरगी बघाय आणल्यासारखं बसवत्यात एकेकाला." मी तर रोजचाच. इतक्या वेळा बसलो, की शेवटी खोटं बोलायला लागलो. "आलं अप्पा, आलं पोटात!" अप्पा माझ्याकडं बघून म्हणायचे, "सर, तुमचा आवाज खोटा येतोय." तिसरा नोझल ओळखणारा माणूस!

दीड वर्ष असं गेल्यावर एका सकाळी काकू झाडू मारायला स्पीकरच्या मागं वाकल्या. मी नेहमीप्रमाणं स्टुलावर होतो.

"व्हय हो," स्पीकरमागून काकूंचा आवाज आला, "त्या खोक्याची तांबडी वायर तांबड्या भोकात हाय. ह्याची काळ्यात का वो?"

अप्पा मग हळूच उठले, गुडघे धरत खाली बसले आणि बराच वेळ मागंच राहिले. चूक साधी होती. वायर उलटी लागली की एक स्पीकर हवा पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो. खालचा आवाज आपसातच जिरून जातो. बाहेर येऊन त्यांनी चष्मा पुसला.

"म्या मुद्दाम ठेवलती," ते म्हणाले. "म्हणलं, कुणाच्या ध्यानात येतंय बघू."

"दीड वरीस?" काकूंनी विचारलं.

अप्पांनी गाणं लावलं. आणि काय सांगू, स्टुलाचे पाय गुणगुणायला लागले. तो आवाज खरंच माझ्या पोटात आला. मला वाटलं, आता अप्पा नाचतील. पण त्यांनी दोन मिनिटांत गाणं बंद केलं, आत गेले आणि ट्रंकेतून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक कॅसेट घेऊन आले.

"ह्याच्यासाठी सगळं केलं," ते म्हणाले.

कॅसेट भजनाची होती. फार वर्षांपूर्वी गावच्या देवळात खुंटीला टेपरेकॉर्डर अडकवून भरलेली. टाळ खणखणत होते, पेटी वाजत होती. पखवाजाच्या उजव्या हाताचा आवाज बारीक, टिकटिक असा येत होता. डाव्या हाताचा, तो घुमणारा, खालचा आवाज मात्र कुठंच नव्हता. अप्पांनी वायर पुन्हा तपासल्या. एक स्पीकर आणखी कोपऱ्यात सारला. कॅसेट मागं घेऊन तीन वेळा लावली.

शेवटी मी म्हणालो, "अप्पा, त्या टेपरेकॉर्डरनं जे धरलंच नाही, ते इथं कसं येणार?"

"मग ते हाय कुठं?" त्यांनी लहान मुलासारखं विचारलं.

दारातून काकू म्हणाल्या, "मुरुमला."

अप्पा उठून ओसरीवर गेले. तेव्हा काकूंनी मला सांगितलं. पखवाज वाजवणारे अप्पांचे थोरले भाऊ, नारायणदादा. मुरुमला असतात. सात वर्षांपूर्वी अप्पांच्या मुलाच्या लग्नात, हळदीच्या दिवशी, दादांचं भजन ठेवलं होतं. अप्पांनी हौसेनं स्वतः माईक लावले आणि भर मांडवात ओरडले, "दादा, डावा ऐकू येईना! हातात जोर ऱ्हायला न्हाय का?" लोक हसले. दादांनी पखवाजाला कापडाची गवसणी घातली आणि न जेवता निघून गेले. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

आठ दिवस अप्पांनी स्टिरिओ लावला नाही. माझी भिंत इतकी शांत झाली, की मलाच करमेना. रविवारी सकाळी ते दारात उभे होते, धुतलेला सदरा घालून.

"सर, मुरुमला येता का? एकट्यानं जायला पाय उचलंना."

दोन एस्ट्या बदलून पोचलो. वाटेत अप्पांनी एकाही इंजिनाची चूक काढली नाही. दादा ओसरीवर तांदूळ निवडत होते. अप्पांपेक्षा बारीक, केस सगळे पांढरे. त्यांनी वर बघितलं आणि ताट बाजूला सारलं. सूनबाईंनी पाणी दिलं. पाऊस, एस्टी, गुडघे, सगळं बोलून झालं.

अप्पांनी घसा खाकरला. "दादा, त्या दिवशी हात बराबर होता तुमचा. माईक म्या चुकीचा लावलता."

दादांनी बाजूच्या ताटातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"सात वर्सं लागली व्हय रं, एक माईक तपासाया?"

दादा उठले, आत गेले आणि गवसणीसकट पखवाज घेऊन आले. गवसणीवर धूळ होती. सात वर्षं तो वाजलाच नव्हता. डाव्या तोंडावर लावायची कणीक कधीच गळून पडली होती, नुसता पांढरा डाग उरला होता. ती ओली कणीक लावल्याशिवाय डाव्या बाजूला घुमारा येत नाही.

"सूनबाई, वाटीभर कणीक आण," दादांनी आत आवाज दिला.

परात आली तशी अप्पांनी ती न विचारता आपल्याकडं ओढली आणि बाह्या वर सारल्या.

"लहानपणी हे कामच माझं," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "दादा वाजवणार, म्या मळणार."

त्यांच्या जाड, ऑइलनं कायमच्या काळ्या झालेल्या बोटांखाली कणीक हळूहळू मऊ होत गेली. दादांनी त्यात बोट रुतवून बघितलं.

"घट हाय. पाणी लाव."

अप्पांनी पाणी लावलं. गोळा पखवाजावर थापला, अंगठ्यानं कडेनं दाबत बसवला. दादांनी मांडी सावरली आणि डावा हात टाकला. हात थकला होता, जरा उशिरानं पडत होता. पण ओसरीची जमीन त्या आवाजानं जागी झाली.

सूनबाई हात धुवायला तांब्या घेऊन आल्या. अप्पांनी कणकेचे हात मांडीवर उताणे ठेवले होते. डोळे मिटले होते.

"ऱ्हाऊ दे बाई," ते म्हणाले. "वाळली की अजून लावावी लागंल."