टार्निटमध्ये पृथ्वी मोजणारे पास्कल काका

भर दुपारी पायजम्यावर कोट चढवून, मॉपचा दांडा भाल्यासारखा पेलत कुणी गृहस्थ घराबाहेर धावत आला, तर सातासमुद्रापार टार्निटच्या आमच्या गल्लीत कुणी दचकत नाही. ते शेजारचे पास्कल काका. पृथ्वी मोजायला निघालेले असतात.

हा नाद लॉकडाउनमधला, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती तेव्हाचा. दांडा फुटपाथलगतच्या हिरवळीत रोवायचा, ओळंब्याने सरळ करायचा आणि सावली सर्वांत आखूड झाली की टेप लावायची. "आमच्या इराटोने हेच केलं!"

इराटो म्हणजे इराटोस्थेनिस, दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक गणिती. काका मात्र त्याच्याविषयी असे बोलतात, जणू तो वसईला त्यांच्या आळीतच राहायचा. "दूरच्या गावात वर्षातल्या एका दुपारी सावलीच पडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मग आपल्या गावची सावली मोजली, दोन गावांतलं अंतर धरलं, आणि सांगितला पृथ्वीचा घेर! त्यासाठी पाच किलोमीटरच्या बाहेर गेला का? नाही!"

लोक इराटोला दुसऱ्या नंबरचा म्हणायचे म्हणे. काकांना त्याचं फार कौतुक. "माझंही तेच. आमच्या घरी पहिला नंबर रेमेतचा."

रेमेत काकू आजारी बहिणीला बघायला वसईला गेल्या, आणि विमानं बंद झाली.

एकदा पोलिसांची गाडी थांबली. काच खाली झाली. काय चाललंय?

"पृथ्वी मोजतोय, मेट," काका मास्कमधून म्हणाले.

पोलीसबाईंनी दांडा पाहिला, पायजमा पाहिला. "नो वरीज. पाच किलोमीटरच्या आत मोजा."

काकांनी ताठ उभं राहून सलाम ठोकला!

आता मी पुण्याचा. दुसऱ्याची चूक दाखवल्याशिवाय मला अन्न पचत नाही. संध्याकाळी कुंपणापाशी मी काकांना गाठलं. तिकडची सावली रोज काकू मोजून कळवतात, हे मला माहीत होतं.

"काका, इराटोची दोन्ही गावं नकाशावर एकाखाली एक होती. वसई आणि टार्निट तशी नाहीत. उत्तर चुकणार."

"चुकणारच," काका शांतपणे म्हणाले.

"मग?"

"तिची बहीण गेली रे. तेव्हापासून ही खोलीबाहेर येईना. जेवेना, बोलेना. जरा उन्हात बस म्हटलं, तर फोन ठेवायची. मग म्हटलं, रेमेत, माझं गणित अडलंय."

तेवढ्यात फोन वाजला. वसईत दुपार झाली होती. काकांनी स्पीकर लावला.

"पास्कल, आलेय गच्चीवर. केवढं ऊन हे! लिही, सावली पस्तीस सेंटिमीटर. आणि तुझा दांडा कालच्यासारखा वाकडा नव्हता ना?"

आवाज इतका खणखणीत, की मला कुंपणापलीकडे स्वच्छ ऐकू आला.

काकांनी फोन कानाजवळ नेला.

"ऐकू नाही आलं," ते म्हणाले. "परत सांग."