मशीनचा घास

आमच्या लाखनीत लग्नाचा ग्रुप फोटो काढायची वेळ झाली, की नवरा-नवरीच्या आधी कुलरला बोलावणं जातं. ज्याच्यापुढे निम्मे वऱ्हाडी जागा धरून बसलेले असतात, तो मांडवातला भला मोठा पत्र्याचा कुलर चारचौघांनी ढकलत आणायचा आणि रांगेच्या एका टोकाला उभा करायचा. दुसऱ्या टोकाला जे हाती लागेल ते: खुर्च्यांची चळत, पाण्याचा ड्रम, नाहीतर आंदणात आलेली आलमारी. मधे माणसं. मग सुखदेवभाऊ कॅमेऱ्याआडून डोकं बाहेर काढतो आणि विचारतो, "कडेले कोन आहे?" कुलर आहे, असं उत्तर आलं की खटका दाबतो.

माझ्या पुतणीच्या लग्नात नवऱ्याच्या मामांनी यावर तोंड फुगवलं. वरपक्षाच्या माणसाशेजारी कुलर उभा करता, हा काय मान झाला? सुखदेवभाऊ शांतपणे म्हणाला, "मामाजी, मशीनले काही ना काही खायले द्याच लागते. कुलर नाही देल्ला त ते माणूस खाते." मामांना यातलं एक अक्षर कळलं नाही, पण आपण खाल्ले जाऊ शकतो एवढं कळलं, आणि ते निमूटपणे आत सरकले.

सुखदेवभाऊचा फोटो स्टुडिओ हायवेला लागून, माझ्या बी-बियाण्यांच्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून. धानाचा हंगाम सोडला तर मला फारसं काम नसतं आणि लग्नसराई सोडली तर त्याला नसतं. त्यात मला दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची जुनी खोड. तेव्हा हे मशीनचं खाणं काय आहे, ते मी त्याच्याकडून पहिल्याच उन्हाळ्यात समजून घेतलं.

गोष्ट साधी आहे. रिळातल्या फोटोचा आकार लांबट. चार-सहाच्या लहान कागदावर तो जसाच्या तसा बसतो. पण कोणी मोठा करून मागितला, की लागतो आठ-बाराचा कागद. आणि लोक मागतात आठ-दहा, कारण बाजारात काचेची तयार फ्रेम मिळते ती आठ-दहाचीच. मग नागपूरच्या लॅबमधलं मशीन दोन्ही बाजूंनी एकेक इंच छाटून टाकतं. त्या इंचात कोण उभं आहे हे मशीन बघत नाही. कुणाची आत्या जाते, कुणाचा अर्धा काका. सुखदेवभाऊ त्या इंचाला 'मशीनचा घास' म्हणतो, आणि तो घास कुलरचा असावा, माणसाचा नसावा, एवढाच त्याचा आग्रह.

आग्रह फोटोपुरता राहिला असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. पण या गृहस्थाला सगळं जगच छाटलेलं दिसायचं. आमचा जिल्हा फुटला आणि गोंदिया वेगळा झाला, तेव्हा माझ्या दुकानातल्या जुन्या नकाशापुढे तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "आपला बी आठ-दहा करून टाकला." कुणाची बदली झाली, कुणाला पंचायतीच्या तिकिटातून वगळलं, की याचा प्रश्न ठरलेला: कडेले होता का? गावजेवणात तो पंगतीच्या मधे कधी बसला नाही. वाढपी जिथे पोचेपर्यंत भाजीतल्या फोडी संपून नुसता रस्सा उरतो, त्या शेवटच्या पाटांपाशी जाऊन तो उभा राहायचा, आणि तिथल्या माणसांना वाढून झाल्याशिवाय स्वतः हात धुवायचा नाही. लोक त्याला फोटोवाला कमी आणि कडेवाला जास्त म्हणत.

पुढे रिळं गेली, डिजिटल कॅमेरे आले. मला वाटलं, आता तरी कुलर सुटला. पण त्या नव्या छोट्या कॅमेऱ्याचा फोटो जरा चौकोनी पडायचा, आणि चार-सहाच्या कागदावर घेतला की वरून-खालून कापला जायचा. झालं, सुखदेवभाऊने आघाडी बदलली. मशीन आता वरून खाऊन राहिलं, असं त्याने जाहीर केलं आणि सगळ्यांच्या डोक्यावर हातभर आभाळ सोडायला सुरुवात केली. त्या काळातले आमच्याकडचे फोटो बघा. खाली मुंगीएवढी माणसं आणि वर मांडवाची कनात. एका नवरदेवाच्या बापाने विचारलंही, की लग्न कनातीचं होतं का आमच्या पोराचं.

हे सगळं कशापायी, हे मात्र तो सांगत नव्हता. धंद्यात चूक कोणाकडून होत नाही? एखादी आत्या छाटली गेली तर फार तर शिव्या खाव्या लागतात. याची भीती शिव्यांची दिसत नव्हती. मी दोनतीनदा विचारलं, त्याने दोनतीनदा चहा मागवला. शेवटी एका भर दुपारी, लाइन गेलेली, पंखा बंद, दोघेही स्टुडिओच्या पायरीवर घामाने भिजलेले, तेव्हा त्याने आपण होऊन सांगितलं.

स्टुडिओ नवा होता तेव्हाची गोष्ट. त्याच्या बापाने गावी, दिघोरीला, स्लॅबचं घर बांधलं. सगळा गोतावळा जमला. धाकटी बहीण कुसुम चिखल्याहून आली, बरोबर तिचा नवरा शालिक. हा मॅंगनीजच्या खाणीत कामाला. सुटी काढून खास आलेला. सुखदेवभाऊने घरापुढे सगळ्यांना ओळीत उभं केलं, स्टँडवर कॅमेरा लावला, फोटो आपोआप निघेल अशी कळ दाबून स्वतः पळत पळत येऊन ओळीत घुसला. घुसला तो जावयाच्या अलीकडे. त्या धक्क्याने जावई सरकला आणि एकदम कडेला गेला.

फोटो आठ-दहाचा होऊन आला. बापाने तो हौसेने बैठकीत टांगला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. फोटोत माणूस आधी स्वतःला शोधतो आणि सापडला की बाकीच्यांकडे बघत नाही. घरचे सगळे आपापल्या जागी सापडले होते. ज्याला स्वतःचं तोंड सापडलं नाही तो एकटाच, आणि तो पुढच्या सणाला आला तेव्हा चहाचा कप हातात घेऊन भिंतीपुढे उभा राहिला. फोटोच्या डाव्या अंगाला बापाची जुनी सायकल होती, ती गेली होती. उजव्या अंगाचा जावई गेला होता. त्याने कप तसाच खाली ठेवला. मला आणि सायकलला या घरात एकच भाव आहे, एवढं बोलून तो उठला आणि बसस्टँडवर जाऊन बसला.

जावई रुसणं आपल्याकडे नवं नाही. एखादं धोतर, एखादा पाहुणचार, की रुसवा निघतो. सुखदेवभाऊ आठ-बाराचा अख्खा फोटो करून, सुताराकडून मुद्दाम त्या मापाची फ्रेम ठोकून घेऊन चिखल्याला गेला. शालिकने फोटो उजेडात धरून नीट पाहिला आणि परत केला. तो म्हणाला, "आता जोडून आनलं का मले? तुमी फोटोवाले कोनाले बी कोठी बी चिकटवता." स्टुडिओत राजवाड्यापुढे, विमानापुढे उभं करून फोटो देतात, हे त्याने पाहिलेलंच होतं. अख्खा फोटो खरा आणि कापलेला खोटा, हे त्याला काही केल्या पटेना. निगेटिव्ह दाखवलं तर त्याने तोंड फिरवलं.

त्यानंतर शालिक दिघोरीत आला नाही. कुसुमला त्याने अडवलं नाही, हे सुखदेवभाऊने मला आवर्जून सांगितलं. तीच येईना. ज्या घरात माझा नवरा भिंतीवर मावत नाही तिथे मी काय करू, असं तिने आईला कळवलं. आई गेली तेव्हा ती मातीला आली, बाप गेला तेव्हा आली, आणि संध्याकाळच्या बसने परतली. भावाशी बोलली नाही. सुखदेवभाऊ दर उन्हाळ्यात चिखल्याला जायचा. दारात पाणी मिळायचं, आत ये असं कोणी म्हणायचं नाही. याने लग्न केलेलं नव्हतं, मायबाप गेलेले. त्या दाराआड त्याची उरलीसुरली सगळी माणसं होती.

एवढं सांगून तो लाइन आली का बघायला आत गेला. मी त्या दिवसानंतर कुलरची थट्टा केली नाही.

बऱ्याच वर्षांनी, धान कापणीच्या दिवसांत, सकाळीच एक बाई त्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. सुखदेवभाऊ मला हाक मारायला माझ्या दुकानात आला. म्हणाला, की कुसुम आली आहे. शालिक आजारपणात गेला होता. निरोप उशिरा मिळाल्याने याला मातीलाही पोचता आलं नव्हतं.

शालिकच्या नावाने पुण्यानुमोदनाची वंदना व्हायची होती, तिथे भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि घरात फोटोच नव्हता. त्या प्रसंगापासून शालिक कधी कॅमेऱ्यापुढे उभा राहिला नव्हता. कोणी कॅमेरा काढला की पाठ करायचा. खाणीच्या कार्डावरचा बोटाएवढा फोटो होता, तो घामाने पुसून गेला होता. कुसुम बोलली ती एवढंच, की तुझ्यापाशी असेल तर दे.

ते निगेटिव्ह याने जपून ठेवलेलं होतं. ते कॉम्प्युटरवर चढवलं आणि पडद्यावर सगळं घर उभं राहिलं. बाप, आई, सायकल, कुसुम, ओळीच्या टोकाला शालिक, इस्त्रीचा शर्ट घालून, हसरा. कुसुम पुढे वाकून बघू लागली. सुखदेवभाऊ म्हणाला, की असाच मोठा करून देतो, अख्खा. तिने मान हलवली.

"याले हार घालाचा आहे भाऊ. आपण जित्ते आहोत ना यात."

खरंच होतं ते. जिवंत माणसांच्या फोटोला हार कसा घालणार? म्हणजे कापायला हवं होतं. इतकी वर्षं ज्याने कुणाला कापू दिलं नाही त्यालाच आता बाप, आई, बहीण, स्वतः, सगळे कापून फक्त तो एक जावई ठेवायचा होता. त्याचा हात माऊसवर नुसता पडून राहिला. मी बघत होतो. मला राहवेना, म्हटलं, मी करू का? त्याने नाही म्हटलं. मग त्याने शालिकभोवती हळूहळू चौकट ओढली आणि बाकीचं सगळं पडद्यावरून गेलं.

शालिक एकटा उरला. नाही, अगदी एकटा नाही. त्याच्या खांद्यावर एक हात होता. पळत येऊन ओळीत घुसताना सुखदेवभाऊने तो जावयाच्या खांद्यावर टाकलेला होता. आता हाताचा धनी गेला होता आणि हात तेवढा राहिला होता.

सुखदेवभाऊ ओशाळला. हे खोडून टाकतो, लगेच होतं, असं पुटपुटत तो बटणं शोधू लागला. कुसुमने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि राहू दे म्हणाली. जाताना मात्र तिने फोटो पिशवीत घेतला नाही. तूच घेऊन ये, असं सांगून ती बसला गेली.

मीही त्याच्याबरोबर चिखल्याला गेलो. कुसुमने दारातून त्याला आत नेलं आणि फोटो त्याच्याच हातून खिळ्यावर लावून घेतला. वंदना झाली, लोक एकेक करून फुलं वाहू लागले. खाणीतला एक म्हातारा सोबती फोटोपुढे थबकला, चष्मा सावरत जवळ गेला आणि विचारता झाला, की शालिकच्या खांद्यावर हा हात कोणाचा?

कुसुम बायकांमध्ये बसली होती. तिथूनच म्हणाली, "माह्या भावाचा आहे जी. त्यानं ह्यायले कवाच सोडलं नोहोतं."

सुखदेवभाऊ मान खाली घालून बसला होता. तो उठला आणि घाईघाईने मागच्या अंगणात गेला. एरवी मी नक्की त्याच्या मागे गेलो असतो. त्या दिवशी बसून राहिलो.